सुशीला नायर

डॉ. सुशीला नायर (२६ डिसेंबर, इ.स. १९१४ - ३ जानेवारी, इ.स. २००१) या भारतीय वैद्य, स्वातंत्र्यसैनिक व राजकारणी होत्या. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे त्यांनी कस्तुरबा रुग्णालय आणि महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था या संस्थांची उभारणी केली. ग्रामीण भागातील गरीब माता व बालकांचे आरोग्य हा त्यांच्या कार्याचा केंद्रबिंदू होता.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म पंजाबातील (आता पाकिस्तान) गुजरात जिल्ह्यातील कुंजाह या गावी झाला. महात्मा गांधींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे थोरले बंधू होत. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. इ.स. १९३९ मध्ये त्या सेवाग्रामला आल्या. त्या सुमारास वर्धा परिसरात पटकीची साथ पसरली. तरुण सुशीलाबाईंनी ती जवळजवळ एकट्याने हाताळली. पुढे त्या गांधीजींच्या वैयक्तिक वैद्य झाल्या.

इ.स. १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तेथेच २२ फेब्रुवारी, इ.स. १९४४ रोजी कस्तुरबा गांधींचे निधन झाले. अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत सुशीलाबाई होत्या.

कस्तुरबा रुग्णालय

सुटकेनंतर इ.स. १९४४ मध्ये त्यांनी सेवाग्राम आश्रमात छोटा दवाखाना सुरू केला. रुग्णांच्या गर्दीने आश्रमाची शांतता भंगू लागली, तेव्हा तो बिर्ला कुटुंबाने दिलेल्या अतिथिगृहात हलवण्यात आला. इ.स. १९४५ मध्ये त्याचे कस्तुरबा रुग्णालय झाले. आरंभी ते केवळ १५ खाटांचे असून स्त्रिया व बालकांसाठीच होते.

त्या काळी खेड्यांतील बाळंतपणे बहुधा घरीच, सुईणीच्या हातून होत. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय यांमुळे बाळंतिणीच्या जिवाला धोका असे. शेतमजूर स्त्रीला तर पुरेशी विश्रांती व सकस आहार मिळणेही कठीण होते. मजुरी बुडाली की घरची चूल अडे. त्यामुळे गावाजवळ, परवडणाऱ्या खर्चात उपचार मिळणे हा अशा कुटुंबांच्या दृष्टीने जीवन-मरणाचा प्रश्न होता.

सार्वजनिक जीवन

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी फरिदाबाद येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. इ.स. १९५२ पासून त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री व नंतर तेथील विधानसभेच्या अध्यक्षा होत्या. इ.स. १९५७ मध्ये त्या झाशी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. इ.स. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. दारूबंदीचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला.

वैद्यकीय महाविद्यालय

इ.स. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटीची स्थापना झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इ.स. १९६९ मध्ये, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागात स्थापन झालेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. येथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी गावात मुक्काम करतात व नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची माहिती ठेवतात. गर्भवती, बाळंतीण आणि तान्हे मूल यांची स्थिती त्यांना रुग्णालयात नव्हे, तर घरात पाहावयास मिळते.

याच रुग्णालयाच्या आधारे डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीवर आधारित आरोग्य विमा योजना आकारास आली. सुगीनंतर प्रत्येक कुटुंब ऐपतीप्रमाणे ज्वारी देई आणि त्या बदल्यात उपचारांत सवलत मिळे. हाती रोख रक्कम नसलेल्या कुटुंबांनाही त्यामुळे रुग्णालयाचे दार हक्काने उघडता आले. पुढील काळात संस्थेने परिसरातील महिला बचत गटांनाही आरोग्यकार्याशी जोडून घेतले.

निधन व वारसा

सुशीला नायर आजन्म अविवाहित राहिल्या. इ.स. २००१ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. कस्तुरबांच्या नावाने सुरू झालेले ते छोटे रुग्णालय आज मोठे शिक्षण रुग्णालय झाले असून वर्ध्यासह विदर्भातील इतर जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात.