गाणे ‘दाखवणारा’ दिग्दर्शक

गाणे केवळ ऐकायचे नसते, ते पाहायचेही असते, हे गुरुदत्त यांनी रसिकांना दाखवून दिले. ९ जुलै १९२५ रोजी बंगळुरू येथे जन्मलेल्या गुरुदत्तांनी अल्मोड्यात उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडे गिरवले आणि पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये नृत्यदिग्दर्शन केले. गाण्याने कथा थांबवू नये, पुढे न्यावी, हा त्यांचा आग्रह. ‘बाजी’त (१९५१) नर्तकीचे गाणे नायकाला संकटाची सूचना देते, ‘प्यासा’त (१९५७) कवीचे गाणे बदनाम वस्तीतून फिरवून प्रेक्षकाला अस्वस्थ करते. ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्ती यांच्या प्रकाशझोतात दोन मने ओठ न हलवता बोलतात. हा चित्रपट कोसळला; पुढे दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव कधीच लावले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. प्रेक्षकांनी नाकारलेला तो प्रकाशझोत मात्र पुढे गीतचित्रणाचा मानदंड ठरला.