लिओनार्ड चेशायर

लिओनार्ड चेशायर (७ सप्टेंबर, १९१७ - ३१ जुलै, १९९२) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश शाही वायुसेनेचे बाँबफेकी वैमानिक आणि अपंगांसाठी चालणाऱ्या 'चेशायर होम' या निवासांचे संस्थापक होते. महाराष्ट्रातील वाचकांना त्यांचे नाव मुख्यतः अंधेरीच्या चेशायर होममुळे परिचित आहे. त्यांचा युद्धकाळ मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

सुरुवातीचे जीवन

वडील जेफ्री चेशायर हे ऑक्सफर्डमधील कायद्याचे नामवंत अध्यापक. लिओनार्ड यांनीही ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात कायद्याचेच शिक्षण घेतले. विमानोड्डाण ते विद्यापीठाच्या हवाई पथकात शिकले.

युद्धकार्य

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीवरील हल्ल्यात तोफगोळ्याने त्यांच्या व्हिटली विमानाची एक बाजू फाटली. तशा स्थितीत त्यांनी ते इंग्लंडला परत आणले व त्याबद्दल त्यांना डीएसओ हे पदक मिळाले. पुढे ते चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानांवर आले. धाकटे बंधू ख्रिस्तोफर हेही हॅलिफॅक्सचे वैमानिक होते; ऑगस्ट १९४१ मध्ये बर्लिनवरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले आणि ते युद्धकैदी झाले.

१९४२ मध्ये चेशायर ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. हॅलिफॅक्स विमाने मोठ्या संख्येने परत येत नव्हती. विमान अति जड झाले आहे, हे ओळखून त्यांनी नाकाकडचे व पाठीवरचे बंदुकांचे बुरूज काढून टाकले. वजन घटल्याने विमान अधिक उंच व वेगाने जाऊ लागले. जमिनीवर काम करणाऱ्या यंत्रकारांना ते नावाने ओळखत. सात जणांच्या चमूचे प्राण त्या यंत्रकारांच्या हातात असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ही गोष्ट लहान वाटत नाही. ब्रिटिश बाँबर कमांडचे सुमारे ५५,५०० सैनिक या युद्धात मृत्यू पावले.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते ग्रुप कॅप्टन झाले. परंतु पुन्हा लढता यावे म्हणून त्यांनी स्वतःहून खालचा हुद्दा पत्करला आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये, जर्मन धरणे फोडल्यामुळे प्रसिद्ध झालेल्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सूत्रे हाती घेतली. रात्री उंचावरून टाकलेले बाँब लक्ष्यापासून फार दूर पडत. यावर उपाय म्हणून चेशायर स्वतः अगदी खालून जाऊन लक्ष्यावर प्रकाशखुणा टाकत व मागून येणारी लँकेस्टर विमाने त्या खुणांवर बाँब टाकत. ८ फेब्रुवारी, १९४४ च्या रात्री फ्रान्समधील लिमोज येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यात फ्रेंच कामगार होते. त्यांना बाहेर पडता यावे म्हणून चेशायर यांनी कारखान्यावरून तीन वेळा खालून घिरट्या घातल्या आणि मगच खूण टाकली. एप्रिलमध्ये म्यूनिकवर त्यांनी हेच काम लहान मॉस्किटो विमानातून, तोफांच्या भडिमारात केले.

जुलै १९४४ मध्ये त्यांची शंभरावी मोहीम पूर्ण झाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो एखाद्या एकाच पराक्रमासाठी नव्हे, तर चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी. त्यानंतर त्यांची नेमणूक भारतात, कोलकात्याच्या हवाई मुख्यालयात झाली.

९ ऑगस्ट, १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हा ते ब्रिटनचे अधिकृत निरीक्षक म्हणून एका अमेरिकन विमानात होते. ते विमान ठरल्या जागी इतर विमानांना भेटू न शकल्याने त्यांना तो ढग दुरूनच दिसला.

सेवाकार्य

१९४८ मध्ये आर्थर डाइक्स या मरणासन्न कर्करुग्णाला ठेवून घ्यायला जागा मिळेना. चेशायर यांनी त्यांना हॅम्पशायरमधील ले कोर्ट या आपल्या घरी आणले व स्वतः त्यांची शुश्रूषा केली. चेशायर होमचा आरंभ तो हाच. स्वतःला झालेल्या क्षयामुळे पुढे काही वर्षे त्यांना रुग्णालयात काढावी लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते भारतात आले आणि मुंबईत, अंधेरी येथे बेथलेहेम हाउस हे भारतातील पहिले चेशायर होम सुरू झाले.

५ एप्रिल, १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये त्यांचा समाजसेविका सू रायडर यांच्याशी विवाह झाला. अभिनेत्री कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी झालेला त्यांचा पहिला विवाह त्यापूर्वीच संपुष्टात आला होता. त्याच वर्षी उभयतांनी देहरादून येथे 'राफेल' हे केंद्र स्थापिले.

१९९१ मध्ये ते ब्रिटिश उमरावसभेचे सदस्य झाले. चेतापेशींच्या असाध्य विकाराने ३१ जुलै, १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.