न विकलेला नांगर

शाळेत असताना 'किर्लोस्कर' हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पुस्तकाआधी विहिरीवरच्या इंजिनावर वाचले. पेडगावच्या शिवारात ते कंपनीचे नाव होते, माणसाचे आहे हे मला फार उशिरा कळले. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा हाच माणूस डोळ्यांपुढे आला. आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज दुकान, गॅरेज, पिठाची गिरणी असे काहीतरी स्वतःचे चालवतात आणि महिनाअखेरीस वही उघडायला घाबरतात. मीही त्यांतलाच.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अभ्यासात मन रमेना, चित्रकलेचा मात्र नाद. थोरले बंधू रामूअण्णांच्या आधारावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याची वाट तिथेच संपली. मग यंत्रांची रेखाचित्रे शिकले, कारण त्यांना रंग लागत नाहीत. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्यालाच मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. पगाराची नोकरी सोडताना घरात काय वाटले असेल, हे ज्याने सोडली आहे त्यालाच ठाऊक.

बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. त्या जोरावर त्यांनी लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर.

आणि इथेच गाडी अडली. नांगर तयार झाले, पण घेणारा कोणी नाही. लोखंडाने जमिनीत विष उतरते, रान नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यांना हसू नये. वर्षाचे पीक ज्या जमिनीवर, तिच्यात अनोळखी वस्तू घालायला कोण धजेल? पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! माल पडून, भट्टी पेटलेली, कारागिरांची मजुरी चालू. नंतरच्या यशाच्या गोष्टी सगळे सांगतात, मला मात्र ही दोन वर्षेच जवळची वाटतात. खपत नाही म्हणून त्यांनी नांगर करायचे सोडले नाही. नांगर आधी शेतात चालून दाखवावा लागला, मग हळूहळू विकत घेणारे भेटले.

जरा बस्तान बसते तोच नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. चाळिशीच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वेळी औंधच्या देवीच्या देवळापुढच्या मंडपाचे काम त्यांच्याकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन 32 एकर, पण निवडुंगाने भरलेली, सापांची. पाण्याची वानवा. 10 मार्च 1910 रोजी मंडळी तिथे मुक्कामाला आली. तीच किर्लोस्करवाडी.

सोबत आलेली माणसे हा या कथेचा खरा ऐवज आहे. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर. शाळेत मागे पडलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी हाताशी धरले. वस्तीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेले रामोशी ठेवले आणि त्यांनी तो इमानाने केला. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडकच होता, तोही त्या काळात. पाहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा मिळेनासा झाला तरी भट्टी विझू दिली नाही. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली आणि त्याच साली 'किर्लोस्कर' मासिकाचीही सुरुवात झाली. पुढे मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतला आणि धंदा वाढला. तो भाग सर्वांना माहीत आहे.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. आमच्या जुन्या विहिरीवरचे इंजिन कधीच भंगारात गेले, पण त्याच्यावरची ती अक्षरे मला अजून हुबेहूब काढता येतात. मेळाव्याला याल तेव्हा फळ्यावर काढून दाखवीन.