आल्फ्रेड रेडफील्ड : समुद्राच्या पाण्यातील हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

खोल समुद्राच्या पाण्यात विरघळलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजले, तर फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण १६ अणू सापडतात. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांच्या शरीरातही प्रमाण जवळपास तेवढेच असते. हा योगायोग नाही, हे दाखवून देणारे अमेरिकन शास्त्रज्ञ म्हणजे आल्फ्रेड क्लॅरेन्स रेडफील्ड.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९० रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. निसर्गाची ओढ घरातूनच आलेली. पणजोबा विल्यम रेडफील्ड यांनी चक्रीवादळांचा अभ्यास केला होता, तर आजोबा वनस्पतींचे जाणकार होते. गंमत म्हणजे आल्फ्रेड यांचे सुरुवातीचे काम समुद्राच्या रसायनाचे नव्हतेच. हार्वर्ड विद्यापीठात ते शरीरक्रियाशास्त्र शिकवत आणि समुद्री प्राण्यांच्या निळसर, तांबेयुक्त रक्तातून प्राणवायू कसा वाहून नेला जातो, याचा शोध घेत.

१९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वुड्स होल सागरविज्ञान संस्था स्थापन झाली आणि रेडफील्ड सुरुवातीपासून तिच्याशी जोडले गेले. रक्ताचे रसायन पाहणारी नजर आता समुद्राकडे वळली. १९३४ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या समुद्रांतील मोजमापे एकत्र मांडली. प्लवक वाढताना पाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस ठराविक प्रमाणात उचलतात, मेल्यावर खाली बुडतात, कुजतात आणि तेच घटक त्याच प्रमाणात पाण्याला परत देतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हाचा आकडा २० च्या आसपास होता. फॉस्फेट मोजण्याच्या पद्धतीत खारेपणामुळे येणारी चूक दुरुस्त झाल्यावर तो १६ पर्यंत उतरला. आकडा बदलला, विचार टिकला. पुढे कार्बनही जोडून १०६ : १६ : १ हे ‘रेडफील्ड प्रमाण’ रूढ झाले.

१९५८ च्या लेखात ते आणखी पुढे गेले. समुद्राचे रसायन ठरलेले आणि जीव त्याच्याशी जुळवून घेणारे, एवढेच चित्र त्यांना अपुरे वाटले. नायट्रोजन कमी पडला तर काही सूक्ष्मजीव तो हवेतून मिळवतात, प्राणवायू नसलेल्या जागी दुसरे सूक्ष्मजीव तो वायुरूपात सोडून देतात. म्हणजे जीवसृष्टीच पाण्याचे प्रमाण सांभाळते, असा त्यांचा धाडसी दावा होता.

किनाऱ्याजवळ मात्र हा हिशेब बिघडतो आणि तिथेच रेडफील्ड यांचा आकडा सर्वांत उपयोगी पडतो. उथळ पाण्यात कुजायच्या आधीच बरेच सेंद्रिय अवशेष तळाच्या गाळात पोहोचतात. गाळात काही मिलिमीटर खालीच प्राणवायू संपतो. मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. फॉस्फेटचे वेगळे. प्राणवायू असेपर्यंत ते गाळातील लोहसंयुगांना चिकटून बसते, प्राणवायू संपला की सुटून पाण्यात येते. परिणामी तळाकडून फॉस्फरस परततो, नायट्रोजन तेवढा परतत नाही. १६ हा आकडा माहीत असल्यामुळेच किती नायट्रोजन गहाळ झाला, हे काढता येते. गोवा-कोकणच्या किनारपट्टीजवळ पावसाळ्यात आणि त्यानंतर तळाच्या पाण्यातील प्राणवायू घटतो, तेव्हा नायट्रेटची तूटही याच पट्टीने मोजली जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थेचे सहसंचालकपद रेडफील्ड यांच्याकडे आले आणि ते १९५६ पर्यंत राहिले. निवृत्तीनंतर आराम करण्याऐवजी ते चिखलात उतरले. मॅसॅच्युसेट्समधील बार्नस्टेबल येथील खारी दलदल त्यांनी वर्षानुवर्षे तपासली. भरतीचे पाणी गाळ आणते, गवताची मुळे तो धरून ठेवतात, अर्धवट कुजलेल्या मुळांचे थर साचतात आणि समुद्राची पातळी चढेल तशी दलदलही वर उचलली जाते. या थरांतून त्यांनी सुमारे ४,००० वर्षांचा इतिहास वाचला. हे काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती.

मार्च १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. हे प्रमाण सगळीकडे सारखे नसते, प्लवकांच्या जातीनुसार आणि पाण्यानुसार ते बदलते, हे नंतरच्या मोजमापांतून स्पष्ट झाले आहे. तरीही खाडीच्या तळातून काय परत आले आणि काय हरवले, हे ठरवताना संशोधक पहिली तुलना १६ शीच करतात.