न्यूटनच्या सूत्राला पंख देणारे विष्णू माधव घाटगे

बेंगळुरू : चिकपेटच्या अरुंद गल्ल्यांतील रेशीम आणि कापडाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या अखेरीस विमानांचा कारखाना स्थापन केला. तेथे रुजू झालेल्या तरुण अभियंत्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे होते. भारतीय हातांनी विमान जोडता येईल, पण त्याचा आराखडाही भारतीयच करू शकेल काय, हा त्या काळी खरा प्रश्न होता.

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ साली जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गोटिंगेन विद्यापीठात, आधुनिक वायुगतिशास्त्राचे प्रवर्तक लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बेंगळुरूत त्यांनी प्रथम एका ग्लायडरची रचना केली. पुढे महायुद्धामुळे कारखाना विमानदुरुस्तीत गुंतला. याच काळात भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली.

वरील प्रश्नाचे उत्तर ५ ऑगस्ट १९५१ रोजी मिळाले. त्या दिवशी त्यांनी रचलेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र शाळेत बहुधा गाडा ढकलण्याच्या उदाहरणावर संपते. विमानाच्या रचनाकारावर मात्र त्यातून वैमानिकाच्या प्राणांची जबाबदारी येते. एचटी-२ चे भारासह वस्तुमान सुमारे १,००० किलो. सूर मारून वर उसळताना गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट, म्हणजे २९.४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके ऊर्ध्व त्वरण मिळाले, तर त्यासाठी २९,४०० न्यूटन निव्वळ बल लागते. नवखा विद्यार्थी येथेच थांबतो. परंतु पंखांना विमानाचे ९,८०० न्यूटन वजनही पेलायचे असते. एकूण भार ३९,२०० न्यूटन, वजनाच्या चौपट. नवशिक्या वैमानिकांकडून कसरती करून घेणाऱ्या विमानाचा सांगाडा अशा भारांच्या हिशोबानेच बांधावा लागतो.

हे विमान हवाई दलात टायगर मॉथची जागा घेऊन स्थिरावले आणि घानालाही पुरवले गेले. त्यानंतर पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान आले. कुर्ट टँक यांच्या मरुत प्रकल्पातही घाटगे यांचा सहभाग होता. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी किरण हवाई दलाच्या सेवेत होते.