भूमीचा जमाखर्च मांडणारे सर डडले स्टॅम्प

व्यवहारी मनुष्य आपल्या पैशाचा जमाखर्च रोज लिहून ठेवितो. परंतु ज्या भूमींतून त्याचें अन्न येतें, तिचा जमाखर्च ठेवण्याचें त्यास सहसा सुचत नाहीं. कोणतें शेत नांगरलें, कोणतें कुरण राहिलें, कोठें रान तुटलें व कोठें घरें उठलीं, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. म्हणूनच तें कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि वीस वर्षांनीं विचारलें तर कोणासहि नीट सांगतां येत नाहीं. एका संबंध देशाचा हा जमाखर्च ज्यांनीं शेतवार मांडला, आणि त्या कामीं शाळेंतील मुलांस आपले सोबती केलें, त्या सर डडले स्टॅम्प यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आम्ही ठेवीत आहों.

लॉरेन्स डडले स्टॅम्प यांचा जन्म ता. ९ मार्च १८९८ रोजीं लंडन शहराच्या कॅटफर्ड या भागांत झाला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून नांवारूपास आलेले जोसाया स्टॅम्प हे त्यांचे वडील बंधु. डडले यांनीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत शिकून १९१७ सालीं पदवी मिळविली. पहिल्या महायुद्धांत सैन्यांत नोकरी करून परत आल्यावर त्यांनीं भूगोलाचाहि अभ्यास केला. ते मूळचे भूगर्भशास्त्राचे अभ्यासक; परंतु त्यांची दृष्टि खडकापाशींच थांबली नाहीं. खडकावरील माती, मातींतील पीक आणि पीक काढणारा मनुष्य यांकडेहि ती वळली. १९२१ सालीं खनिज तेलाच्या शोधाच्या कामावर ते ब्रह्मदेशांत आले, व १९२३ सालीं रंगून विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले. ब्रह्मदेश त्या वेळीं हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९२६ सालीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेंत नेमणूक होऊन ते स्वदेशीं परतले.

तेथें त्यांस एक मोठी उणीव दिसून आली. १८६६ सालापासून ब्रिटिश सरकार दरसाल पिकांचे आंकडे गोळा करीत असे. अमुक गांवीं इतके एकर गहूं, एवढें त्यांवरून कळे. परंतु तो गहूं कोणत्या शेतांत, भारी जमिनींत कीं हलक्या, हें कळत नसे. इकडे परदेशचें स्वस्त धान्य येऊं लागल्यामुळें नांगराखालील जमीन गवताखालीं जात होती, आणि रस्त्यांच्या दुतर्फा नवीं घरें उठून शहरें पसरत होतीं. यांत उत्तम जमीन किती बुडाली, याचा हिशेब कोणापाशींच नव्हता.

१९३० सालीं स्टॅम्प यांनीं ग्रेट ब्रिटनच्या भूमि-उपयोगाची पाहणी आरंभिली. पाठीशीं सरकारी खातें नव्हतें व पगारी माणसें मूठभर होतीं. मग देशभर शेतोशेतीं हिंडावें कोणीं? स्टॅम्प यांनीं शिक्षकांस व विद्यार्थ्यांस साद घातली. सहा इंचांस एक मैल या प्रमाणाच्या नकाशांत प्रत्येक शेताची हद्द दाखविलेली असे. मुलें तो नकाशा घेऊन आपल्या गांवच्या शिवारांत जात, आणि शेत स्वतः पाहून त्यावर ठराविक अक्षर लिहीत. वन, कुरण, नांगरट, माळरान, बाग, आणि घरेंकारखाने यांनीं व्यापलेली जमीन, अशा प्रत्येक प्रकारास निराळें अक्षर होतें. पुढें हीच माहिती एक इंचास एक मैल या प्रमाणावर उतरवून रंगीत नकाशे छापण्यांत आले. त्यांत वन गर्द हिरवें, कुरण फिकें हिरवें, नांगरट तपकिरी, माळरान पिवळें, बागा जांभळ्या, व शेतीस मुकलेली जमीन तांबडी.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. नांगरटीच्या शेतांतहि पिकांच्या पाळींत एकदोन वर्षें गवत पेरीत, आणि तें शेत कायमच्या कुरणासारखेंच दिसे. तेथें नुसतें पाहून भागत नसे. शेतकऱ्यास विचारावें लागे. जेथें मुलांचें पाऊल पोहोंचलें नाहीं, तेथें स्टॅम्प व त्यांचे सहकारी स्वतः गेले. अशा रीतीनें चारपांच वर्षांत बहुतेक देश पाहून झाला.

या श्रमाचें मोल लवकरच कळून आलें. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. ब्रिटनचें पुष्कळसें अन्न समुद्रापलीकडून येत असे, आणि आतां त्या जहाजांवर शत्रूची धाड होती. गवताखालील जमीन पुन्हां नांगरणें प्राप्त झालें. तेव्हां कोठें काय आहे हें सांगणारे नकाशे तयार होते. १९४२ सालीं ग्रामीण भूमीच्या उपयोगाविषयीं सरकारी समितीचा अहवाल निघाला. स्टॅम्प हे त्या समितीचे उपाध्यक्ष होते. उत्तम शेतजमीन इमारतींखालीं सहजासहजीं जाऊं देऊं नये, असा अहवालाचा रोख होता. समितींतील एका अर्थशास्त्रज्ञानें मात्र आपलें भिन्न मत नोंदविलें. घरें व कारखानेहि देशास हवे असतात, तेव्हां शेतीलाच असें झुकतें माप कां द्यावें, हा त्याचा प्रश्न होता. हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. पण जमीन किती व कशी आहे हें ठाऊक असल्यावांचून तो नीट घालतांहि येत नाहीं. पुढें १९४७ सालीं नगर व ग्राम रचनेचा कायदा झाला, आणि १९४८ सालीं स्टॅम्प यांनीं ब्रिटनच्या भूमीचा सदुपयोग व दुरुपयोग या विषयावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

अशीच पाहणी सर्व जगाची व्हावी, यासाठीं त्यांनीं पुढें पुष्कळ खटपट केली. १९६५ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. ता. ८ ऑगस्ट १९६६ रोजीं, भूगोलवेत्त्यांच्या परिषदेसाठीं मेक्सिको शहरीं गेले असतां, तेथेंच त्यांचा अंत झाला.

त्यानंतर सहाच वर्षांनीं, जुलै १९७२ मध्यें, अमेरिकेनें लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह आकाशांत सोडला. सुमारें ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर अठरा दिवसांनीं त्याच भूमीवर येई, आणि तिचें सुमारें ऐशीं मीटरांच्या चौकोनांचें चित्र पाठवी. डोळ्यांस न दिसणारे किरणहि तो टिपी. त्यांवरून रान, पीक, पाणी व वस्ती ओळखतां येऊं लागलीं. दोन सालांचीं चित्रें शेजारीं ठेविलीं कीं बदललेली जमीन लक्षांत येते. भारतानें आपला पहिला असा उपग्रह, आय. आर. एस. १-ए, मार्च १९८८ मध्यें सोडला.

परंतु दोन गोष्टी उपग्रहासहि साधत नाहींत. एक, दोन हिरव्या वस्तु त्यासहि एकसारख्या दिसूं शकतात. म्हणून चित्राचा पडताळा घेण्यास मनुष्यानें शेतावर जावेंच लागतें. दुसरी, आपल्या जन्मापूर्वींचें त्यास कांहींच ठाऊक नसतें. १९३० नंतरच्या त्या वर्षांत ब्रिटनची भूमि कशी होती, हें पाहणारे आजहि स्टॅम्प यांचे नकाशे संगणकावर घेऊन त्यांच्याशीं नवीं चित्रें ताडून पाहतात. चिखल तुडवीत गेलेल्या त्या मुलांचीं अक्षरें अशा रीतीनें अजून कामीं येत आहेत.

आपल्या पालकांस सातबाराचा उतारा परिचित आहेच. त्यांतील बारा नंबरच्या नमुन्यांत शेतांतील पिकाची नोंद असते, आणि २०२१ सालापासून महाराष्ट्रांत ती शेतकऱ्यास मोबाइलवरून स्वतःच करतां येते. विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत घरचा उतारा हातीं घेऊन बांधावर जावें, आणि कागदावर लिहिलेलें व शेतांत उभें असलेलें एकच आहे किंवा कसें, हें पडताळून पाहावें. नोंद खरी असेल तर पुढील पिढीस तिचा उपयोग होईल. खोटी असेल तर आकाशांतील उपग्रहहि ती खरी करूं शकणार नाहीं.