सभागृहातील शब्द छापण्याचा हक्क मिळवून देणारा खासदार

संसदेत एखाद्या सदस्याने कोणावर कितीही कठोर आरोप केले, तरी त्याबद्दल त्याला न्यायालयात खेचता येत नाही. राज्यघटनेच्या १०५व्या कलमाने त्याला तसे संरक्षण दिले आहे. तेच शब्द दुसऱ्या दिवशी इमानाने छापणाऱ्या वृत्तपत्राला मात्र १९५६ पर्यंत संसदेच्या कोणत्याही कायद्याचे कवच नव्हते. भारतीय दंड संहितेच्या ४९९व्या कलमातील चौथ्या अपवादाने न्यायालयीन कामकाजाच्या सारतः खऱ्या वृत्तान्ताला अभय दिले होते; संसदेचा त्यात उल्लेखही नव्हता. ही उणीव हेरून ती कायद्याने भरून काढणाऱ्या खासदाराचे नाव होते फिरोज गांधी. पंतप्रधानांचा जावई ही त्यांची ओळख इतकी मोठी ठरली, की हे काम तिच्या सावलीतच राहिले.

१२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात फिरोज यांचा जन्म झाला. खेतवाडीत बालपणाची काही वर्षे गेली. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब अलाहाबादला मावशी डॉ. शिरीन कमिसारिएट यांच्याकडे गेले. तेथील युइंग ख्रिश्चन महाविद्यालयापुढे १९३० मध्ये निदर्शने करताना कमला नेहरूंना उन्हाने भोवळ आली. त्यांच्या मदतीला धावलेला हा विद्यार्थी पुढे शिक्षण सोडून चळवळीत उतरला व तुरुंगातही गेला. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण आणि मार्च १९४२ मध्ये इंदिरा नेहरू यांच्याशी विवाह, हा भाग सर्वश्रुत आहे.

संसदेत येण्यापूर्वी त्यांनी वृत्तपत्राचा कारभार आतून पाहिला होता, याची दखल तुलनेने कमी घेतली जाते. १९४६ मध्ये लखनौच्या 'नॅशनल हेरॉल्ड'च्या व्यवस्थापकीय संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. कागद, शाई, कामगारांचे पगार आणि बदनामीच्या दाव्यांची टांगती तलवार हे सारे सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर असते, त्याला संपादकाचा हात एखाद्या नावापाशी का अडखळतो, हे सांगावे लागत नाही.

१९५२च्या निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातील रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले. सुरुवातीची काही वर्षे ते सभागृहात फारसे बोलले नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये मात्र त्यांनी विमा कंपन्यांतील गैरव्यवहारांवर, विशेषतः दालमिया समूहावर, आकडेवारीनिशी हल्ला चढवला. पुढच्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. सभागृहात एका बलाढ्य उद्योगपतीचे नाव घेण्याची मुभा सदस्याला होती. ते नाव वाचकापर्यंत पोहोचवण्याची जोखीम वृत्तपत्राची होती.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकारी पाठबळाविना मांडलेली अशी विधेयके बहुधा चर्चेच्या पुढे जात नाहीत. स्वातंत्र्यानंतर संमत झालेल्या खासगी विधेयकांची संख्या अवघी १४ असून १९७० नंतर एकही संमत झालेले नाही. फिरोज यांचे विधेयक या मोजक्यांपैकी एक. 'संसदीय कामकाज (प्रसिद्धी संरक्षण) कायदा' मे १९५६ मध्ये अस्तित्वात आला. संसदेच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तान्त प्रसिद्ध केल्याबद्दल कोणावरही दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, हा त्याचा गाभा होता. त्यासाठी प्रसिद्धी द्वेषमूलक नसावी आणि ती लोकहिताची असावी, अशा अटी होत्या. नभोवाणीलाही हेच संरक्षण मिळाले. शब्दन् शब्द जुळण्याचा हट्ट कायद्याने धरला नाही, हे त्यातील शहाणपण. तासन् तासांची चर्चा दोन स्तंभांत बसवावी लागणाऱ्या वार्ताहरालाच 'सारतः' या एका शब्दाचे मोल कळेल.

पुढच्याच वर्षी कायद्याचा उपयोग दिसला. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज यांनी आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहाराचे वाभाडे काढले. उद्योजक हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत महामंडळाने सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. सरकार स्वपक्षाचे, पंतप्रधान सासरे, तरीही त्यांनी माघार घेतली नाही. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले.

हे कवच राज्यांच्या विधिमंडळांना मात्र लागू नव्हते. पाटण्याच्या 'सर्चलाइट'ने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील एका भाषणाचा कामकाजातून वगळलेला भागही छापला. सभागृहाने हक्कभंगाची कारवाई सुरू केली. सदस्याने उच्चारलेले, पण अधिकृत नोंदीतून काढलेले शब्द छापणे हा खरा वृत्तान्त की खोटा, हा तिढा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. डिसेंबर १९५८ मध्ये बहुमताने निकाल सभागृहाच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले.

८ सप्टेंबर १९६० रोजी हृदयविकाराने फिरोज यांचे दिल्लीत निधन झाले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांच्या कायद्याची पुढची कहाणी अधिक क्लेशकारक आहे. आणीबाणीत, ८ डिसेंबर १९७५ रोजी अध्यादेशाने तो रद्द करण्यात आला आणि १९७६ मध्ये त्यावर संसदेचे शिक्कामोर्तब झाले. त्या वेळी पंतप्रधानपदी इंदिरा गांधी होत्या. विरोधी सदस्य सभागृहात काय बोलले, हे छापण्याची वाट सेन्सॉरशिपने आधीच अडवली होती. पतीने मिळवलेला कायदाही आता उरला नाही. मार्च १९७७च्या निवडणुकीत रायबरेलीच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. जनता सरकारने त्याच वर्षी हा कायदा पुन्हा आणला. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ३६१-अ हे कलम घालून तेच संरक्षण राज्यघटनेत नेले आणि त्यात राज्यांची विधिमंडळेही आली.